उन्हाचे वाटेकरी

ग्रंथ एका काळी लिहिला जातो आणि त्याची परीक्षा भलत्याच काळी होते, असे पुष्कळदा घडते. जे. सी. कुमारप्पा यांनी जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९४५ साली प्रसिद्ध झालेला ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ आज अशा परीक्षेस बसला आहे. ग्रंथकर्त्याचे कार्यक्षेत्र आमच्या देवळीपासून फार दूर नव्हते. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि तेथूनच कुमारप्पांनी खेड्याच्या अर्थकारणाचा विचार चालविला. आज ह्याच भागात विहिरीच्या काठी आणि वावरांच्या मधोमध सौर पॅनेलांच्या निळसर ओळी दिसू लागल्या आहेत. शेती आणि सूर्यशक्ती यांचा मेळ घातला जात असता कुमारप्पांचे नाव घेण्याचा मोह कोणासही व्हावा, ह्यात नवल नाही. परंतु नाव घेणे निराळे आणि ग्रंथ वाचणे निराळे. ह्या दोहोंतील अंतर दाखविणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वरवर वाचणारास ग्रंथाचा अर्थ फार सोपा वाटतो. सृष्टीतील संपत्ती दोन प्रकारची: एक साठ्याची आणि क्षणभंगुर, दुसरी अखंड चक्राने फिरणारी आणि म्हणून स्थायी. कोळसा आणि खनिज तेल ही पहिल्या प्रकारची. खर्चली की संपली. सूर्यप्रकाशाने दरसाल नवी होणारी वनस्पतिसृष्टी दुसऱ्या प्रकारची. रॉकेलचा कंदील टाकून गावच्या तेलबियांच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ मगनवाडीने पुढे केला, तो ह्याच विचाराने. तेव्हा मगनदीपाचा खरा वारस आजचे सौर पॅनेल होय, कुमारप्पा असते तर त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे स्वागत केले असते, असा निष्कर्ष काढून वक्ता मोकळा होतो.

हा निष्कर्ष ग्रंथाच्या पहिल्या काही पानांवर उभा आहे. पुढे कुमारप्पा जी विभागणी करतात ती शक्तीच्या उगमावरून नव्हे, तर घेणारा आणि देणारा यांच्या नात्यावरून. त्यांनी व्यवहाराचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाघ मेंढरावर जगतो तो परोपजीवी. माकड आमराई लुटते पण झाडास पाणी घालीत नाही, तो लुटारू. मधमाशी मध घेता घेता फुलास फलित करते, तो उद्योगाचा. पोळ्यासाठी झटणाऱ्या माशांचा तो समूहाचा. आणि पिलाच्या चोचीत घास घालणाऱ्या पक्षिणीचा तो सेवेचा. माकड आणि मधमाशी यांचा कच्चा माल मुळात सूर्यानेच पिकविलेला असतो, हे ध्यानात घ्यावे. शक्ती सूर्याची आहे एवढ्याने व्यवहार स्थायी ठरत नाही. तो ठरतो घेतलेल्याच्या बदल्यात कोण कोणास काय परत करतो, यावरून. ही कसोटी हाती घेऊन आजच्या तीन सौर व्यवहारांकडे पाहू.

पहिला व्यवहार विहिरीवरच्या सौर पंपाचा. ज्याने पौष महिन्यात मध्यरात्री चण्याला ओलीत केलेले पाहिले नाही, त्याला ह्या पंपाची किंमत समजणार नाही. शेतीची वीज पाळीने यावयाची, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की कानाला पागोटे गुंडाळून, हाती टॉर्च घेऊन, चिखलात बारे मोडीत हिंडावयाचे. साप-विंचवाचे भय, रानडुकरांचे भय, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावण्याचे भय. आणि घरी त्याची बायको दाराला कडी न लावता पडलेली. ही भीती कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही. दिवसा पाणी देता येणे म्हणजे माणसास त्याची रात्र परत मिळणे होय. २०२४ साली राज्यात सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, व अनुसूचित जातीजमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के, रक्कम भरावयाची असते आणि जमिनीच्या मानाने ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पंख्याखाली बसून ‘अनुदानाची सवय’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्या नागर टीकाकारांनी एक रात्र धुऱ्यावर काढून मग बोलावे.

तथापि येथेही माकड आणि मधमाशी यांचा भेद नाहीसा होत नाही. उन्हाचे बिल येत नाही. तेव्हा ऊन आहे तोवर पाणी उपसावे, हा मोह स्वाभाविक आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावी २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली, तिने ह्या मोहावर फार साधा उतारा शोधला. पंपाला न लागणारी वीज तारेवाटे वीजकंपनीस विकावयाची. विजेस भाव मिळू लागला म्हणजे अकारण उपसलेले पाणी शेतकऱ्याच्याच खिशातून गेल्यासारखे होते. आमच्याकडील पंप पुष्कळसे एकएकटे उभे आहेत. पावसाळ्याचे चार महिने, आणि रब्बीनंतरही, त्यांच्यावर पडणारे ऊन कोणाच्याच उपयोगी पडत नाही. कुमारप्पांच्या भाषेत बोलावयाचे तर धुंडीच्या माश्यांना पोळे आहे. आमच्या माश्या सुट्या फिरत आहेत.

दुसरा व्यवहार भाड्याचा. आणि खरा वादाचा विषय हाच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्याने २०१७ साली आणली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती काढली. वीज उपकेंद्राच्या आसपासची जमीन दीर्घ मुदतीने भाड्याने घ्यावयाची, तिच्यावर सौर प्रकल्प उभारावयाचा आणि त्या वाहिनीवरील शेतकऱ्यांस दिवसा वीज द्यावयाची, अशी ही योजना. एक मेगावॅटला सुमारे चार ते पाच एकर जमीन लागते. भाडे हेक्टरी सालीना १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि दरसाल त्यात तीन टक्के वाढ. कोरडवाहू कपाशीच्या एकरातून एवढी निव्वळ प्राप्ती क्वचितच होते. आणि तीही बोंडअळी, अवेळी पाऊस आणि व्यापारी ह्या तिघांची मर्जी राहिली तर. अशा स्थितीत ज्याने जमीन दिली त्याला दोष देण्यास आम्ही धजत नाही. त्याच्या जमिनीमुळे वाहिनीवरील इतर अनेकांस दिवसा वीज मिळते, हा लोकोपयोगही लहान नव्हे.

पण करारपत्रावर सह्या दोघांच्या असतात: देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. वावरात मात्र माणसे दोनच नव्हती. तेथे सालदार होता; निंदणाला आणि वेचणीला येणाऱ्या बाया होत्या; आणि पुष्कळदा, सातबाऱ्यावर ज्याचे नाव कधीच चढले नाही असा, ठेक्याने किंवा बटईने करणारा माणूस होता. ते शेत प्रत्यक्षात त्याचेच, पण तोंडी. मालकाने जमीन पॅनेलांसाठी दिली की हा तोंडी करार तोंडातच विरतो. त्याला नोटीस द्यावी लागत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो तेथे कधी नव्हताच. निंदणाऱ्या बायांचे म्हणाल तर पॅनेलांखाली गवत माजू द्यावयाचे नसते आणि काचा पुसावयाच्या असतात, एवढे काम उरते. परंतु चाळीस बायांच्या हंगामी मजुरीच्या जागी दोघा-चौघांची नोकरी येते. मालकाच्या घरातही हिशेब बदलतो. शेतीत राबणाऱ्या बाईचा निदान बियाणे, धान्य, गोठा ह्यांवर काही अधिकार चालत असे. भाडे मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या बँकखात्यात जमा होते. शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करण्याचा आग्रह धरला होता, त्याची येथे आठवण होते. ज्या घरांनी तो आग्रह मानला, त्या घरांत ह्या भाड्याची वाट निराळी असेल.

‘अन्नदाता’ आता ‘ऊर्जादाता’ झाला, असे एक वचन सरकारी व्यासपीठांवर फार आवडते झाले आहे. शब्दांचा व्यवसाय करणाऱ्यास हे वचन खटकल्याशिवाय राहत नाही. भाड्याने जमीन देणाऱ्यास दाता म्हणावयाचे असेल, तर शहरातील चाळमालकासही निवासदाता म्हणावे लागेल. भाडे घेणे हा अपराध नव्हे. पण ते दान नव्हे, आणि शेतीही नव्हे.

ह्याच योजनेत सरकारी आणि गायरान जमिनीही घेतल्या गेल्या, आणि काही गावांनी त्यास विरोध केला. येथे एक विलक्षण योगायोग दिसतो. गांधीजींनी १९३५ साली ‘हरिजन’मध्ये, खेड्यांत वीज येण्यास आपली हरकत नाही असे लिहिले होते, मात्र गायरान जसे गावाच्या मालकीचे असते तसे वीजघरही गावाचे किंवा राज्याचे असावे, अशी अट त्यांनी घातली होती. गायरान हा त्यांचा दृष्टांत होता. आज वीजघर गायरानासारखे झालेले नाही. ते गायरानावर आले आहे. भूमिहीनाची चार शेरडे ज्या पडीत चरत त्या पडीला आता तारेचे कुंपण आहे. ग्रामपंचायतीस ह्या योजनेतून अनुदान मिळते हे खरे. पण अनुदान सभागृहास रंग देईल, शेरडांस चारा देणार नाही.

ह्या ठिकाणी कुमारप्पांच्या ग्रंथाचे वैगुण्यही सांगितले पाहिजे. त्यांचे पशुपक्ष्यांचे दृष्टांत मनोहर आहेत. परंतु मधमाशीस सातबारा नसतो. फुलाचा मालक कोण, झाड कोणी कोणास बटईने दिले, हा प्रश्न सृष्टीत उद्भवत नाही. गावात तो पहिल्या दिवशी उद्भवतो. स्थायित्वाची सगळी मदार माणसाच्या वृत्तीवर ठेवली की मालकीचे प्रकरण आपोआप मागे पडते. सुदैवाने कुमारप्पांनी आपल्याच ग्रंथास एक पुरवणी दिली आहे. ती ग्रंथाच्या भक्तांनी क्वचितच वाचलेली असते. काँग्रेसने नेमलेल्या कृषिसुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते आणि तिचा अहवाल १९४९ साली बाहेर पडला. तेथे तुरुंगातला तत्त्वचिंतक नाही. जमिनीची नाती एकेक करून तपासणारा हिशेबनीस आहे. विधवा, अज्ञान मुले आणि अपंग यांखेरीज कोणासही जमीन दुसऱ्यास कसावयास देण्याची मुभा असू नये, अशी त्या अहवालाची शिफारस होती. ती आज कोणी अक्षरशः मागणार नाही, आणि मागूही नये. कारण तोंडी ठेक्यास कायद्याची भीती घालूनच आपण तो अधिक तोंडी करून ठेवला. पण जमीन कसणाऱ्यास आधी पाहावे, मालकास मागाहून, ही त्या अहवालाची दृष्टी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’च्या समासात लिहून ठेवण्यासारखी आहे. दोन कुमारप्पा एकत्र वाचल्यावाचून सौर शेतीचा न्याय करता येणार नाही.

तिसरा व्यवहार अजून बाल्यावस्थेत आहे, आणि नवलाची गोष्ट अशी की मधमाशीच्या दृष्टांतास तोच सर्वांत जवळ जातो. अडोल्फ गोएट्झबर्गर ह्या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने आपल्या एका सहकाऱ्यासह १९८१ साली असे सुचविले की, पॅनेल जमिनीलगत न बसविता उंच उचलावीत, ओळींत अंतर ठेवावे आणि खाली बटाटे पिकवावेत. ऊन वरच्याने थोडे घ्यावे, खालच्याने थोडे. आपल्याकडे जोधपूरच्या काझरी संस्थेने आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात असे प्रयोग झाले आहेत. कपाशी उन्हाची भुकेली. तिला सावली मानवणार नाही. पण आमच्याच जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद आहे; तिला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, आणि हळद हे पीक विरळ सावली सोसणारे म्हणून प्रसिद्ध आहे. आले आहे, पालेभाज्या आहेत. वैशाखात वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तेव्हा वाफ्यावरची सावली पिकासच नव्हे, वाफ्यात बसलेल्या बाईसही हवी असते. ह्या व्यवहारात निंदण राहते, वेचणी राहते, ठेकेदारास करावयास शेत राहते.

अडचण लोखंडाची आहे. पॅनेल जितके उंच, तितका सांगाडा महाग, आणि वाऱ्याला तोंड देण्यासाठी तितकाच भक्कम. वीज विकणाऱ्याचा फायदा ते खाली ठेवण्यात आहे. पिकाचा आणि मजुराचा फायदा ते वर उचलण्यात. म्हणून सौर शेतीतील सामाजिक प्रश्न शेवटी काही हात उंचीच्या मोजमापावर येऊन ठेपतो: खालून बैलजोडी डवरे घेऊन जाईल काय, आणि डोक्यावर हळदीची पाटी घेतलेली बाई ताठ उभी राहून चालेल काय? हे दोन आकडे भाड्याच्या आकड्याच्या शेजारी करारपत्रात लिहून घ्यावयाचे असतील, तर ते पहिला खांब रोवण्यापूर्वी लिहावे लागतील, आणि त्या बैठकीस सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांनाही बोलवावे लागेल.