भाड्याचे घर आणि गाळलेले नाव

शहरात जागा मिळत नाही, हा मराठी साहित्याचा आणि चित्रपटाचा जुना विषय. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) त्यातून हसू काढले. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटात चाळीतल्या खोलीत नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही. बासू चटर्जींनी तोच विषय ‘पिया का घर’मध्ये (१९७२) हिंदीत नेला. या कलाकृतींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. या सर्व गोष्टींत अडचण जागेची किंवा पैशाची असते. घर मागणाऱ्याचे नाव काय, हा प्रश्न तिथे अडचण म्हणून येतच नाही.

भीमसेन यांचा ‘घरौंदा’ (१९७७) पाहा. शंकर शेष यांच्या कथेवरचा हा चित्रपट मला या विषयावरचा सर्वांत कठोर चित्रपट वाटतो. एकाच कचेरीत काम करणारे सुदीप आणि छाया पै पै जमवून फ्लॅट नोंदवतात. बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. मग सुदीपच छायाला सुचवतो की, तिने आजारी, विधुर मालकाशी लग्न करावे. पुढे पैसा आपलाच. घरासाठी माणूस प्रेमसुद्धा गहाण टाकू शकतो, हे डॉ. श्रीराम लागू, अमोल पालेकर आणि झरीना वहाब यांनी आरडाओरड न करता दाखवले. पण या दोघांकडे पैसे असते, तर चित्रपट पहिल्या अर्ध्या तासात संपला असता. झरीना वहाब पडद्यावर ‘छाया’ आहे. ती पडद्यावरही झरीनाच असती, तर पैसे हातात असूनही कथा पुढे चालली असती. ती कथा मात्र कुणी लिहिली नाही.

खडकीत राहणाऱ्याला ती कथा रोज ऐकू येते. दारूगोळा कारखाना (१८६९) आणि लष्करी छावणी यांच्या आधाराने इथे मुसलमान, ख्रिस्ती, तमिळ, तेलुगू, मराठी अशी मिसळ वस्ती झाली. शेजाराची सवय इथल्या माणसाला आहे. पण कुटुंब वाढते, खोली पुरत नाही आणि तो नदीपलीकडे किंवा औंध, कोथरूडकडे वन बीएचके शोधू लागतो. एजंटशी फोनवर सगळे ठरते : भाडे, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, एका महिन्याची दलाली. शेवटी तो विचारतो, “नाव काय म्हणालात?” त्यानंतर जागा ‘कालच गेली’ असते. हा अनुभव मला नवा नाही, वाचकांनाही नसेल. उर्दू शाळेत शिकवताना त्याचे दुसरे टोक दिसते. अकरा महिने झाले की मुलाचा पत्ता बदलतो, कधी मधूनच शाळा सोडल्याचा दाखला मागायला पालक येतात. जागा ठरावीक मोहल्ल्यांतच मिळते म्हटल्यावर सगळी मागणी तिथेच येऊन पडते आणि अंधाऱ्या दोन खोल्यांचे भाडेही चढते. सच्चर समितीच्या अहवालाने (२००६) घर भाड्याने किंवा विकत न मिळण्याची ही तक्रार नोंदवली आहे.

मराठीत हा प्रश्न ओळखला तो दलित साहित्याने. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत रेल्वेतला तरुण नोकरीच्या परगावी जात लपवून राहतो आणि उघडकीस आल्यावर मार खातो. त्याच्याही आधी, १९१७ साली बडोद्यात, परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत उतरले. काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही सबबी सांगितल्या. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आपल्या लेखकांनी या लेखनाकडून शिकावे ते असे : अपमानाचे वर्णन मोठे करायचे नाही, नाव सांगण्याआधीचा तो एक क्षण लांबवायचा.

कायद्याचेही थोडे विचित्रच आहे. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, रस्ते आहेत. भाड्याचे घर नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. एका रात्रीची खोली नाकारता येत नाही, अकरा महिन्यांची येते!

आता आपल्या घरातले. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या लेखनात गाव आले, तलाक आला, दंगल आली. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’मध्ये (१९६५) कोकणातले गाव जळताना दिसले. भाड्याची खोली मात्र कवितेतल्या एखाद्या ओळीपुरतीच. आणि आली तरी दार बंद करणारा नेहमी ‘ते’ असतात. मोहल्ल्यातला आपला घरमालक काय विचारतो? “जमात कौनसी? गाँव कौनसा? साथ में मर्द कौन है?” तलाक झालेल्या बाईला, एकट्या नोकरदार मुलीला, खालच्या समजल्या जाणाऱ्या बिरादरीच्या माणसाला तिथेही जागा ‘कालच गेलेली’ असते. हा मालक जिच्यात नाही, ती कथा मला अर्धीच वाटेल.

आणि एजंटला खलनायक करू नये. नाव ऐकल्यावर तो आवाज खाली आणून म्हणतो, “साहेब, माझं काही नाही, पण सोसायटी...” त्याची एका महिन्याची दलालीही त्याच वाक्यात बुडालेली असते.