रविकिरण मंडळाची बैठक आणि दूरस्थ चर्चामंडळे

रविकिरण मंडळाचा विचार आपल्याकडे प्रायः त्यातील कवींच्या कवितेच्या अनुषंगाने होतो. सुनीते, काव्यगायनाची प्रथा, फारसी वळणाची प्रणयकविता यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु मंडळाची बैठक ही स्वतःच एक वाङ्मयीन संस्था होती, या अंगाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. २०२० च्या टाळेबंदीपासून पुण्यातील अनेक अभ्यासमंडळे संगणकाच्या पडद्यावर भरू लागली, त्यामुळे या अंगाचा विचार आज अगत्याचा झाला आहे.

१९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या मंडळात माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, दिवाकर आणि ग. त्र्यं. माडखोलकर अशी मोजकीच माणसे होती. रविवारी चहाच्या निमित्ताने जमावे, रचना वाचाव्यात, त्यांवर बोलावे, असा हा परिपाठ. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला पुण्याला परिचित होतीच. पण तेथे एक बोलतो व अनेक ऐकतात. बैठकीत आजचा श्रोता हा उद्याचा वाचक असतो. आपलीही रचना याच माणसांपुढे ठेवायची आहे, या जाणिवेने अभिप्रायाला जबाबदारी येते.

मात्र या जवळिकीत एक धोकाही असतो. स्नेह जसजसा दृढ होतो तसतशी प्रतिकूल अभिप्रायाची धार बोथट होते. मंडळातील कवींचे काव्यगायन सभांतून गाजू लागल्यावर समानधर्म्यांच्या शेऱ्यापेक्षा टाळ्यांचे वजन वाढणे स्वाभाविक होते. १९२५ मध्ये अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ने या कवितेतील कृत्रिमतेवर विडंबनाचा प्रहार केला. विडंबनाचा रोख कवींच्या सार्वजनिक कीर्तीवर होता, बैठकीवर नव्हे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः खराही आहे. तथापि जे मित्राने घरात सांगावयाचे ते राहून गेले, तर परका ते चव्हाट्यावर हसत सांगतो, एवढा बोध त्यातून निश्चित निघतो.

दूरस्थ बैठकीत ही अडचण दुणावते. प्रत्यक्ष बैठकीत मौनालाही अर्थ असतो; कोणाची भुवई उंचावली, कोण चुळबुळला, हे वाचणाऱ्याला कळते. पडद्यावर ध्वनी बंद ठेवून बसलेल्या श्रोत्याचे मौन संमतीचे, कंटाळ्याचे की अनुपस्थितीचे, हे उमगत नाही. दोघे एकदम बोलले तर एकाचेही धड ऐकू येत नाही. साहजिकच संवाद मागे पडतो आणि बैठकीचे नकळत व्याख्यान होते. दूरच्या गावचा अभ्यासक सामील होऊ शकतो, हा लाभ मोठा खरा. पण केवळ उपस्थितांची संख्या वाढल्याने चर्चा सखोल होत नाही.

म्हणून अशा मंडळाच्या चालकाचे काम सूत्रसंचालनाहून अधिक आहे. सभासद आठ-दहांच्या आत ठेवावेत, संहिता आगाऊ पाठवावी, प्रत्येकाला नाव घेऊन बोलते करावे. आणि मुख्यतः, प्रत्येक वेळी एका सभासदाकडे प्रतिपक्ष मांडण्याचे काम रीतसर सोपवावे. मतभेद हा नेमून दिलेला भाग झाला म्हणजे स्नेहाला बाध येत नाही. चहा ज्याने त्याने आपापल्या घरी घेतला तरी चालेल. प्रतिपक्ष मात्र बैठकीतच हवा.