पडद्यावरील लक्ष्य आणि शस्त्रधाऱ्याचा विवेक

2002 साली जोशुआ कॉरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत व्हिडिओ खेळाच्या धर्तीवर एक प्रयोग रचला. पडद्यावर अवचित प्रकटणाऱ्या माणसाच्या हाती पिस्तूल तरी असे, नाहीतर पाकिटासारखी निरुपद्रवी वस्तू. निःशस्त्र श्वेतवर्णीयापेक्षा निःशस्त्र कृष्णवर्णीयाला निर्धोक ठरविण्यास खेळणाऱ्यास अधिक वेळ लागे. पोलीस-शिक्षणात या तंत्राचे खरे मोल आहे ते हा सुप्त पूर्वग्रह उघडा पाडण्यात. नेमबाजी तर चांदमारीच्या मैदानावरही शिकता येते. परंतु प्रसंग परका राहिल्यास हा लाभ हुकतो. भिवंडीनजीकच्या दापोडे येथील गोदामांच्या बोळातून, पोती ओढण्याचा लोखंडी हूक घेऊन वळणारा हमाल त्या पडद्यावर दिसावयास हवा.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. 1995 ते 1997 या काळात मुंबई पोलिसांच्या 99 चकमकींत सुमारे 135 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र तपास व दंडाधिकाऱ्याकरवी चौकशी आवश्यक ठरविली. खेळात मात्र गोळी सुटताच प्रसंग संपतो. म्हणून प्रशिक्षणार्थ्याने आपण काय पाहिले व अन्य मार्ग का उरला नाही, हे तत्काळ लिहून द्यावे, आणि गुण द्यावयाचे ते या निवेदनालाही.