बासरीची मींड आणि ‘गळ्यासारखं’ हा शेरा

बासरीच्या मैफलीवरचा लेख वाचायला घेतला की एक वाक्य हमखास भेटतं: ‘बासरी अगदी गळ्यासारखी गात होती.’ आम्हीही तरुणपणी असं लिहिलेलं आहे. निवृत्तीनंतर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, घाटकोपरच्या एका क्लासात आम्ही बासरी हातात धरली, आणि त्या वाक्याची आम्हाला लाज वाटायला लागली.

गळ्याला भोकं नसतात. बासरीला असतात, म्हणजे पायऱ्या आल्याच. बोट उचललं की स्वर उडी मारतो. आमचे गुरुजी म्हणायचे, “काका, आधी गाऊन बघा, मग तेच वाजवा.” गाता येत होतं; वाजत नव्हतं. कारण मींड बोट उचलून निघतच नाही. लांब बासरीवर भोक बोटाच्या टोकाने नव्हे, पेराने झाकायचं, आणि ते पेर एका अंगाने हळूहळू सरकवत न्यायचं. भोक जरासं उघडलं की स्वर चढू लागतो. पण त्याच वेळी आवाज पातळ होतो, नुसती हवा ऐकू येते. तेव्हा फुंक सावरायची. दोन-तीन स्वरांची मींड असेल, तर पहिलं बोट पुरतं उघडायच्या आत दुसऱ्याने निघायचं. गळ्याला यातलं काय ठाऊक?

यमनातली गंधार ते तीव्र मध्यम ही मींड घ्या. सहा भोकांच्या बासरीवर वरचं एकच भोक झाकलेलं असताना गंधार येतो, तेही उघडलं की तीव्र मध्यम. आणि अर्धं उघडलं की? शुद्ध मध्यम, जो यमनात नको. म्हणजे मींड घेताना बोट नको असलेल्या स्वरावरूनच जातं, फक्त तिथे थांबत नाही. आम्ही आधी पाव, मग अर्धं, मग पाऊण असा रियाज केला आणि छान जिना तयार झाला! झीनोचा बाण आम्ही तीस वर्षं फळ्यावर काढला, बर्गसाँही शिकवला. थांबे जोडून गती होत नाही, हे आमच्या तर्जनीला मात्र तेव्हा कळलं.

आता खरी अडचण. तीव्र मध्यमाला सगळी भोकं उघडी, आणि पुढच्याच पंचमाला सगळी बंद, वर फुंक जोरकस. सहाही बोटं एकदम खाली येतात. इथे सरकायला जागाच नाही. पन्नालाल घोष यांचं मोठेपण आम्हाला इथे दिसतं. हे गृहस्थ १९४० साली मुंबईत आले, मालाडला राहिले. बॉम्बे टॉकीजच्या ‘बसंत’ (१९४२) या चित्रपटाला त्यांचं संगीत होतं. सुमारे ३२ इंचांची बासरी त्यांनी रागसंगीताच्या मंचावर रुजवली आणि तिला खाली सातवं भोक पाडलं, करंगळी पोचावी म्हणून जरा बाजूला. सातही बंद केली की तीव्र मध्यम, करंगळी सरकवली की पंचम. तुटलेल्या जागी पूल झाला.

हरिप्रसाद चौरसियांच्या परंपरेत मात्र सहाच भोकं राहिली. तिथे आम्हाला पूल दिसत नाही, फुंकेच्या उच्चाराने ती उडी देखणी केलेली दिसते. अन्नपूर्णादेवींकडे शिकताना त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली आणि हात पुन्हा पहिल्यापासून घडवले, हेही विसरू नका. हे दोन वेगळे सौंदर्यविचार आहेत. दोघांनाही ‘गळ्यासारखं’ म्हटलं की समीक्षकाने दोघांनाही ऐकलं नाही, असं आम्ही म्हणू.

हा शेरा निरुपद्रवी नाही. आमच्याबरोबर मुलुंडहून एक मुलगा यायचा, कॉलेजातला, कानाने फार तयार. “तुझ्या हातात गायकी नाही,” असं दोनदा ऐकलं आणि तो यायचा बंद झाला. त्याची चूक एवढीच होती की तो बोट सरळ वर उचलत होता. गायकी नाही म्हटल्यावर माणूस काय दुरुस्त करणार? बोट आडवं सरकव म्हटलं असतं, तर महिनाभराचं काम होतं.

गाण्याचा आधार नको, असं आमचं म्हणणं नाही. मींड कुठे पोचायची ते कानाला आधी माहीत हवं, आणि ते गाऊनच कळतं. पण कसं पोचायचं, ते बांबू ठरवतो. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये गर्श्विनच्या रचनेच्या तालमीत रॉस गॉर्मनने क्लॅरिनेटवर, लिहिलेले सुटे स्वर गंमत म्हणून घसरत नेले; गर्श्विनला ते आवडलं आणि तसंच ठेवलं. तिथे ती घसरण लक्ष वेधून घेते, आपल्याकडे मींड रागाच्या चलनातच असते. तरीही त्या वादकाला बोटांबरोबर तोंड आणि घसा कामाला लावावा लागला, लाकडी नळीशी झगडावं लागलं, ते आपल्यासारखंच.

पन्नालालजींच्या यमनाचं ध्वनिमुद्रण आहे. घरी गेल्यावर मध्यम-पंचमाच्या जागा तेवढ्या पुन्हा ऐका. आमची करंगळी अजून त्या सातव्या भोकापर्यंत धड पोचत नाही.