निरोष्ठ आणि अशुद्ध : गाळलेल्या व्यंजनांचा हिशेब

मराठी काव्याच्या इतिहासात बारामतीचे नाव आले ते मोरोपंतांमुळे. मोरेश्वर रामचंद्र पराडकर यांचा जन्म १७२९चा, पन्हाळगडावरचा. पण हयात गेली ती बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, आणि १७९४मध्ये त्यांनी देह ठेवला तोही इथेच. त्यांच्या एकशे आठ रामायणांपैकी एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. प, फ, ब, भ, म हे ओठांनी उच्चारायचे वर्ण टाळून रचलेले. या रचनेकडे समीक्षकांनी बहुधा दोन प्रकारे पाहिले. काहींनी भाषाप्रभुत्व म्हणून मान डोलावली, काहींनी कसरत म्हणून पान उलटले. दोघांनीही हा अक्षरांचा खेळ आहे असे धरले. मला तो तोंडाचा वाटतो. तसा मानला, तर त्याचा धागा बारामती-इंदापूरच्या आजच्या बोलीपर्यंत येतो.

आधी अडचण पाहू. रामाच्या नावातच म आहे. लक्ष्मण, भरत, हनुमान, बिभीषण यांचीही तीच गत. नियम आणखी कडक करून व आणि ओठ गोल करणारे उ, ओ, औ हेही वर्ज्य केले, तर रावण, वाली, सुग्रीव, कौसल्या बाहेर जातात, अयोध्याही जाते. सीता, जनक, दशरथ, कैकेयी तेवढी उरतात. बाकीच्यांसाठी दाशरथी, जानकीनाथ, लंकेश, अंजनीतनय अशा वाटा काढाव्या लागतात. एक वर्ग गाळला की नावाने हाक मारणे संपते. मग माणूस ओळखायचा तो नात्याने: कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुठला राजा. बंधनाने कथेची नजरच बदलते, ती अशी. याला नुसती कसरत म्हणता येत नाही.

ही युक्ती मोरोपंतांची एकट्याची नव्हे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त आपली हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो, कारण प्रेयसीच्या दंशाने त्याचे ओठ दुखावले आहेत. तिथे बंधनाला शरीरातले कारण आहे. आपली वर्णमालाही शरीराचाच नकाशा आहे. कंठापासून निघालेली क, च, ट, त, प ही रांग तालू, मूर्धा, दात अशी पुढे सरकत ओठांशी संपते. मोरोपंतांनी या नकाशातला शेवटचा मुक्काम गाळला. जगातल्या बहुतेक भाषांना तो गाळता आलेला नाही. बाळाच्या बोबड्या बोलातही मा, बा फार लवकर येतात. तरी उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक भाषेत मूळचे प, ब, म नाहीत, आणि त्यावाचून तिचे काही अडत नाही.

आता दुसरे गाळणे. इंदापूर तालुक्यात, भीमा आणि नीरेच्या मधल्या आमच्या गावांत, बऱ्याच घरांत ण नाही. ‘उसात तन लई झालंय’ असे खुरपणाऱ्या बाईने म्हटले की तिला तण म्हणायचे असते. पाणी नव्हे पानी, कोण नव्हे कोन. शाळेत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत या एका वर्णापायी परीक्षकांनी माझे गुण कापले. उच्चार अशुद्ध, असा शेरा होता. प-वर्ग अख्खा गाळला तर पांडित्य, आणि ट-वर्गातला एक वर्ण गाळला तर गावंढळपणा, हा हिशेब मला त्या वयात मांडता आला नव्हता.

कुणी म्हणेल, पंतांनी गाळले ते जाणूनबुजून. खेड्यातल्या माणसाची जीभ वळत नाही. पण तीच बाई ढेकूळ, केळी, गूळ, वाडा हे शब्द स्वच्छ म्हणते. जीभ मूर्ध्याकडे वळवणे तिला पुरते येते. बदललेली आहे ती बोलीची मांडणी, आणि या बदलाला कारण आहे. अनुनासिकांत जागेची खूण मुळात क्षीण असते. म आणि नसुद्धा एकट्याने ऐकताना घोटाळतात. त्यात मूर्धन्य व्यंजनाची ओळख बरीचशी त्याच्या आधीच्या स्वराच्या शेवटी पटते. मराठीत एकही शब्द ण किंवा ळने सुरू होत नाही, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे. इतक्या नाजूक खुणेवर उभा असलेला भेद काही बोलींनी राखला, काहींनी सोडला. प्रमाण हिंदीनेही सोडला; तिथे पानीच म्हणतात. सिनेमातल्या पानीला आपण अशुद्ध म्हणत नाही.

ओठांची व्यंजने मात्र डोळ्यांनाही दिसतात. १९७६मध्ये मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी दाखवले, की कानावर ‘बा’ पडत असताना समोरचे ओठ ‘गा’ म्हणताना दिसले, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येते. म्हणून निरोष्ठ रामायणाची परीक्षा श्रोत्याला समोर बसून घेता येते: ओठाला ओठ लागतो का पाहा. न आणि ण यांतला फरक तोंडाच्या आत घडतो. तो पारखायला कान लागतो, आणि आपण तो पारखतो कागदावरून.

कागद तरी कुठे पुरा पडतो? ‘जी जात नाही ती जात’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. पहिला ज जोंधळ्यातला, दातांशी घासणारा. दुसरा जिऱ्यातला, तालूचा. चिंच या एका शब्दात दोन वेगळे च आहेत. हा भेद आमच्याकडे निरक्षर माणूसही चुकत नाही, पण त्याला लिपीत अक्षर नाही. शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागा दिली. ते योग्यच झाले. घरचा च मात्र बाहेरच राहिला. जी लिपी हा भेद दाखवत नाही, तिच्यावरून न म्हणणाऱ्याला कमी लेखायचे, हे मला पटत नाही.

हे सांगताना स्वतःची चूक लपवता येणार नाही. वीसेक वर्षे मी या भागातल्या ओव्या उतरवत आलो. उतरवताना मी पानीचे पाणी करत गेलो. बायका अडाणी दिसू नयेत असे वाटे. परवा एक वही वाचताना एका ओवीचे यमक लंगडे वाटले. शेवटी एकीकडे ‘पाणी’, दुसरीकडे ‘कानी’. कॅसेट लावली. बाई ‘पानी’ म्हणत होती, यमक चोख होते. ते मी मोडले होते आणि वहीत समासात ‘रचना सदोष’ असा शेराही मारला होता. मोरोपंत यमकासाठी नावाजले गेले. या बाईचे यमक माझ्या शुद्धलेखनाने घालवले.

आता वह्या आणि कॅसेटी समोरासमोर ठेवून न जिथल्या तिथे परत ठेवतो आहे. सगळ्या ओव्यांची ध्वनिफीत नाही, आणि म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी गेल्या. त्या पानांवर ण तसाच ठेवून बाजूला लिहितो आहे : हा माझा, त्यांचा नव्हे.