काळ्यातून आलेला उजेड

'स्वयंशिक्षित' हे विशेषण आपल्याकडे चित्रकाराला बहुधा दोन हेतूंनी लावले जाते. शाळेत न जाताही इतके साधले, हे कौतुक. आणि शाळेत गेला नाही, तेव्हा थोडे कच्चे असले तरी चालेल, ही सवलत. त्यातून चित्रे अमूर्त असली की तिसरा संशयही येतो : माणूस काढता येईना म्हणून याने आकृतीच सोडली असावी. फ्रेंच चित्रकार पिएर सुलाज यांची कला या तिन्ही समजुती खोट्या ठरवते, असे आम्हांस वाटते.

सुलाज यांचा जन्म १९१९ साली दक्षिण फ्रान्समधील रोदेझ या गावी झाला. १९३८ मध्ये पॅरिसच्या सरकारी कलाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला होता. परंतु तेथील शिकवणी न रुचल्याने ते गावी परतले. शाळेने त्यांना नाकारले नाही, त्यांनी शाळा नाकारली. पुढे १९५० मध्ये आपले सैयद हैदर रझा शिष्यवृत्तीवर त्याच विद्यालयात दाखल झाले, तेही नागपूर आणि मुंबईचे शिक्षण पुरे करून. एकाने सोडलेल्या दारातून दुसरा श्रद्धेने आत गेला आणि दोघेही मोठे झाले. तेव्हा शाळा की शाळेवाचून, हा वाद फारसा उपयोगाचा नाही. गुरू कोण केला, हे पाहिले पाहिजे.

सुलाज यांचे गुरू दगडाचे होते. रोदेझच्या संग्रहालयातील प्रागैतिहासिक कोरीव शिळा आणि जवळच्या कॉन्क गावचे मध्ययुगीन चर्च यांनी त्यांना लहानपणीच ओढून घेतले. जाड भिंतींच्या त्या वास्तूत बेताने शिरणारा प्रकाश हाच त्यांचा पहिला धडा. कोऱ्या कागदावर काळ्या रेघा ओढणाऱ्या लहानग्या पिएरला काय काढतोस असे विचारता, त्याने 'बर्फ' असे उत्तर दिल्याची आठवण प्रसिद्ध आहे. काळ्याशेजारी पांढरे अधिक पांढरे दिसते, हे त्या मुलाला कोणी शिकवले नव्हते.

साधनांची निवडही अशीच. महायुद्धानंतर त्यांनी सुतार लाकडाला लावतात तो अक्रोडाच्या सालीचा तपकिरी रंग कागदावर वापरला, हाती घर रंगवण्याचे रुंद ब्रश घेतले, १९४८ मध्ये काचेवर डांबराने चित्रे केली. चित्रांना नावे मात्र दिली नाहीत. 'चित्र', त्याची लांबीरुंदी आणि तारीख, बस्स. कचेरीतील नोंदवहीत शोभावे असे हे कोरडेपण हेतुपूर्वक आहे. नावाचा आधार काढून घेतला की पाहणाऱ्यास पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

१९७९ च्या आरंभी एक चित्र काळ्या रंगाने पूर्ण भरून गेले. तासन्‌तास झगडून, बिघडले असे समजून ते झोपी गेले. उठून पाहतात तो काळ्या थरावरून उजेड परावर्तित होत होता : गुळगुळीत भागावरून सरळ, ओरखड्यांवरून तुटक. पाहणारा जागचा हलला की चित्रही बदलते. 'काळ्यापलीकडचे' अशा अर्थाचा शब्द त्यांनी पुढे यासाठी घडवला. त्याच सुमारास रझांच्या चित्रांत काळा बिंदू स्थिर झाला. पण रझांचा काळा हा बीजाचे प्रतीक आहे. सुलाज यांचा काळा प्रतीक नव्हे, तो केवळ पृष्ठभाग आहे. नियम पाठ असलेल्या हाताने ते चित्र बहुधा खरवडून टाकले असते. आपण काय शोधतो आहोत हे आपले कामच आपल्याला सांगते, असे सुलाज म्हणत. त्याचा अर्थ येथे कळतो.

एक आक्षेप मात्र नोंदवला पाहिजे. त्यानंतरची चार दशके त्यांनी मुख्यतः याच मार्गावर काढली, आणि काही चित्रांत शोधाची जागा सवयीने घेतल्यासारखी वाटते. अर्थात छापील पानावर ही चित्रे निव्वळ काळी दिसतात. त्यांचा प्राण असलेला उजेड छपाईत येत नाही. म्हणून आमचे हे मत आम्ही सावधपणेच मांडतो.

परंतु कॉन्कच्या चर्चच्या काचांविषयी असा संकोच नाही. १९८७ ते १९९४ या काळात त्यांनी तेथील १०४ खिडक्या घडवल्या. त्यासाठी प्रकाश आत घेईल पण बाहेरचे दृश्य दिसू देणार नाही, अशी खास काच असंख्य प्रयोगांती तयार करवली. रंगीत काच नाही, संतांच्या आकृती नाहीत. फक्त शिशाच्या काळ्या रेषा आणि दिवसाच्या प्रहरांबरोबर पालटणारा उजेड. ज्या वास्तूने घडवले, तिच्यापुढे चित्रकाराने आपली सही मागे ठेवली. हे आम्ही त्यांचे सर्वश्रेष्ठ काम मानतो.

२०२२ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी सुलाज गेले. आपल्या गावच्या प्रदर्शनात एखाद्या स्वयंशिक्षित चित्रकाराचे अमूर्त चित्र समोर आले, तर 'कोठे शिकलात?' हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावा. त्याऐवजी लहानपणापासून काय पाहत आलात, आणि हा रंग हाताळताना काय सापडले, हे विचारावे. उत्तर असेल तर ते चित्रात दिसेलच. आणि नसेल, तर कोणत्याही पदवीने ते झाकले जाणार नाही.