‘कायमचे हटवा’ : एक रसग्रहण

मराठीतली सर्वांत छोटी कादंबरी कोणती, असं कुणी विचारलं तर मी ‘कायमचे हटवा’ हे दोन शब्द पुढे करीन. फोटो काढून टाकताना मोबाईल ते आपल्याला दाखवतो. आमचं धरणगाव हे बालकवींचं जन्मगाव. तेव्हा इथल्या माणसानं शब्दांकडे जरा बारकाईनं पाहायलाच हवं.

आधी ‘हटवा’. अनुवादकानं ‘पुसा’ म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या. ओल्या फडक्यानं पाटी पुसली की अक्षर जातं. हटवतात ते अतिक्रमण! सकाळी हटवलेली भज्यांची गाडी संध्याकाळी त्याच जागी कढई तापवीत उभी असते. संगणकाच्या जुन्या डिस्कवर किंवा मेमरी कार्डावर असंच होतं. वाचनालयाच्या नोंदवहीतलं नाव तेवढं खोडलं जातं. पुस्तक फळीवरच राहतं आणि त्या जागी दुसरं येईपर्यंत हुडकणाऱ्याला सापडतं. म्हणजे क्रियापद प्रामाणिक आहे. कल्पनाविलास आहे तो ‘कायमचे’मध्ये.

खरं पुसायचं कसं, यावरही पंडितांत मतभेद झालेच. १९९६ साली पीटर गटमन यांनी जुन्या मजकुरावर ३५ वेळा गिरवण्याची रीत मांडली. ती त्या काळच्या डिस्कांसाठी होती. आजच्या चुंबकीय डिस्कला एकदा पूर्ण गिरवलं तरी सहसा पुरतं. मोबाईलची चिप मात्र हट्टी. आपण एका जागी गिरवायला जावं, तर ती भलतीकडेच लिहिते. म्हणून हल्लीच्या मोबाईलात मजकूर मुळातच कूटलिपीत, कुलपात असतो आणि ‘फॅक्टरी रीसेट’ त्याची किल्लीच मोडतो.

हे रसग्रहण रिकामटेकडं वाटेल; पण दारावर “जुना मोबाईल द्या, भांडं घ्या” अशी आरोळी येते तेव्हा त्याचं मोल कळतं. पूर्वी बोहारणीला जुनं पातळ दिलं तर पातळच जायचं. आता “फोटो हटवलेत मी, आप्पा, द्या बिनधास्त!” असं नातू सांगतो, आणि एका चाळणीच्या बदल्यात आप्पांच्या आधार कार्डाची प्रत, बँकेचे निरोप, लेकीचे दवाखान्याचे कागद, सारं कुटुंब परगावी निघतं. कार्ड काढून घेतलेलं नसतं, रीसेट केलेला नसतो. बंद पडलेल्या मोबाईलला तर रीसेटही करता येत नाही. तो चाळणीवर देऊच नये.

तेव्हा पुढच्या आवृत्तीसाठी एकच सूचना : ‘कायमचे’ गाळून ‘तूर्त’ घालावं. ‘तूर्त हटवा’ वाचून आप्पा निदान नातवाला विचारतील, “तूर्त म्हणजे रे कुठवर?”